शुक्रवारी ठणठणीत

ठाण्याच्या एका कॉम्प्युटर कंपनीत मी सर्व्हिस इंजिनिअर आहे, असं मी तेव्हा लोकांना सांगायचो. खरं म्हणजे ती कंपनी नव्हती, एका गाळ्याचं दुकान होतं, आणि मी इंजिनिअर नव्हतो. सहा महिन्यांचा हार्डवेअरचा कोर्स, गळ्यात टाय आणि बॅगेत बारा स्क्रू-ड्रायव्हर, त्यातले तीनच कामाचे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एवढ्यावर माणूस साहेब होत असे. मी झालो. तेवीस वर्षांचा होतो आणि मला येत नाही अशी जगात एकही गोष्ट नव्हती.

दुकानातल्या बाकीच्यांना भिवंडी नको होती, म्हणून ती माझ्या वाट्याला आली. मलाही नकोच होती. एसटीतून उतरलं की आधी कान जायचे, मग नाक. गल्लीगल्लीत लूमची खडखड, आणि हवेत कापसाची बारीक रुई इतकी की संध्याकाळी घरी आल्यावर आई विचारायची, गादी पिंजायला गेला होतास का. माझ्या टायवर रुई बसायची याचा मला फार राग यायचा. ज्या गावाला टायची किंमत नाही त्या गावाला आपली काय किंमत असणार, असं माझं साधं गणित होतं.

आमचा ग्राहक होता एक शेठ. जवळच्या शेलार गावचा, शेतकरी घरातला. रस्त्याकडेची जमीन विकून त्याने लूमची शेड टाकली होती. त्याच्या साडूने कॉम्प्युटर घेतला म्हणून यानेही घेतला, याहून थोर कारण त्या खरेदीमागे नव्हतं. कोणत्या लूमवर कापडाचे किती तागे उतरले, एवढंच त्या कॉम्प्युटरवर लिहायचं होतं. तेच काम याआधी एक लाल बांधणीचं रजिस्टर बिनबोभाट करत होतं, आणि ते रजिस्टर कधी अचानक बंद पडल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

पण शेठने त्या यंत्राचा थाट काय ठेवला होता. शेडच्या कोपऱ्यात काचेची केबिन, केबिनबाहेर चपला काढायच्या, मॉनिटरच्या कोपऱ्याला लिंबू-मिरची, वर कुंकवाचं बोट. कॅबिनेटला तो डबा म्हणायचा. "सायब, डबा नाटक करतो," एवढीच तक्रार त्याला सांगता यायची. मी मनात हसायचो. हळद पिऊन गोरे झालेले लोक, असं माझं त्यांच्याबद्दलचं मत होतं, आणि मी स्वतः कोणती हळद प्यायलो होतो याचा मला पत्ता नव्हता.

नाटक असं होतं. कॉम्प्युटर सकाळी सुरू व्हायचा, तासभर नीट चालायचा आणि मग काही न सांगता, न सवरता बंद पडायचा. पडदा काळा. लिहिलेलं सगळं गेलं. थोड्या वेळाने पुन्हा बटण दाबलं की पुन्हा सुरू, पुन्हा बंद. दिवसातून तीनदा, चारदा.

आणि त्या कॉम्प्युटरवर बसायची एक बाई. पस्तिशीची असेल, अंजूरहून रिक्षाने यायची. त्याच शेडमध्ये तिने दहा वर्षं कांडी भरली होती. लूमच्या शटलमध्ये छोटी लाकडी कांडी बसते, तिच्यावर सूत गुंडाळलेलं असतं; ते गुंडाळायचं काम बायकांचं. भिंतीलगत कांडीच्या मशिनांची रांग असते आणि त्या रांगेत बायका दिवसभर उभ्या असतात. हिने उभ्यानेच दहा वर्षं काढली, कामावरून सुटल्यावर गावात जाऊन कॉम्प्युटरचा क्लास केला, आणि शेठच्या मागे लागून ती खुर्ची मिळवली. कॉलेजात शिकलेलं कोणी त्या धुरळ्यात बसायला तयार नव्हतं, म्हणून मिळाली. शेडमधली ती पहिली बाई, जी कांडीवरून खुर्चीवर गेली. खुर्चीवरचं दुकानातलं प्लास्टिक तिने काढलं नव्हतं. बसली की ते चुरचुरायचं.

शेठने पहिल्याच दिवशी माझ्यासमोर तिला सांगितलं होतं, "बाय, हा डबा तुझ्या हातात बंद पडतो. सायब काय सांगतील ते खरं. तुझ्यामुळं होत असंल तर तू आपली कांडीवर बरी." ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणजे तिची खुर्ची राहणार की जाणार हे मी ठरवणार होतो, आणि हे मला त्या दिवसापासून स्पष्ट माहीत होतं. माहीत नव्हतं असं आज म्हणायची सोय नाही.

मी शुक्रवारी जायचो. भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारी. बाकीच्या दिवशी शेडमध्ये शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून शेठनेच सांगितलं होतं की सुट्टीच्या दिवशी या, निवांत बसू, बोंबील तळायला सांगतो. मलाही ते सोयीचं होतं. रुई नाही, खडखड नाही, टाय स्वच्छ, वर बोंबील. फक्त माझ्यासाठी ती बाई आपली सुट्टी सोडून अंजूरहून यायची. त्याबद्दल तिला कोणी काही म्हटलं नाही, मीही नाही.

पहिल्या शुक्रवारी मी कॅबिनेट उघडलं. आतली धूळ ब्रशने झाडली, रॅम काढून खोडरबराने पुसून परत बसवली, प्रत्येक वायर ओढून बघितली. हे सगळं मी मोठ्या ऐटीत केलं, कारण शेठ हात जोडून उभा होता. मागच्या पॉवर सप्लायच्या बंद पेटीवर कंपनीचं स्टिकर होतं, ते फाडलं तर वॉरंटी जाते, म्हणून ती उघडली नाही. मग झाकण काढलेलंच ठेवून कॉम्प्युटर दोन तास चालवला. एकदाही बंद पडला नाही. ठणठणीत.

"बघा," मी म्हणालो. "काही झालेलं नाही याला."

हात काळे झाले होते. केबिनबाहेर दोरीवर एक करडं कापड वाळत घातलेलं होतं, शेठच्याच लूमचं, कडेला झालर लावलेलं आणि मधे एक चौकोनी भोक. मी त्याला हात पुसले. कशाचं कापड, त्याला भोक कशाला, असा प्रश्न माझ्या शिकलेल्या डोक्यात आला नाही. फाटका पडदा असेल असं वाटलं. यांच्याकडे दुसरं काय असणार.

शनिवारी कॉम्प्युटर तीनदा बंद पडला. शेठचा फोन आला. पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा गेलो. पुन्हा ठणठणीत. दोरीवर पुन्हा तेच कापड, पुन्हा माझे हात.

त्या दुसऱ्या शुक्रवारी शेठ बोंबील बघायला बाहेर गेला तेव्हा ती बाई पहिल्यांदा माझ्याशी बोलली. तिची एक सवय मला विचित्र वाटायची. मी बोलत असलो की ती माझ्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे टक लावून बघायची. मला वाटायचं, बाई माझं ज्ञान ऐकून भारावल्या आहेत. नंतर कळलं की लूमवर वर्षं काढलेली माणसं तशीच बघतात. लूमच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, मग ती ओठ वाचायला शिकतात. शेडच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी तोंड नुसतं हलवून अख्खा संसार बोलतो. मी भारावण्यासारखं काही बोलत नव्हतो, हे मात्र तेव्हाही खरं होतं.

"साहेब, तुमी शुक्रवारी नका येव," ती म्हणाली. "मंगळवारी या, बुधवारी या. लूम चालू असताना या. शुक्रवारी त्याला काय होतच न्हाय."

"बाई, मशीनला वार कळत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं की ठाण्याला दुकानात जाऊन मी ते सगळ्यांना ऐकवलं, आणि सगळे हसले.

तिने पिशवीतून एक शंभर पानी वही काढली. "मी लिवून ठेवलंय. कदी बंद पडला, किती वाजता, किती येळ चालला. मागल्या बाजूला हात लावून पण बगितला. बंद पडायच्या आदी लय गरम लागतो."

वहीत तिने रेघा मारून रकाने केले होते. वार, चालू केल्याची वेळ, बंद पडल्याची वेळ, आणि शेवटच्या रकान्यात "गरम" किंवा "लय गरम". शुक्रवारच्या ओळींत काहीच नव्हतं, नुसती आडवी रेघ. चार आठवड्यांचं काम. आज माझ्या हाताखाली कोणी असलं काही लिहून आणलं तर मी त्याला उभं राहून नमस्कार करीन. त्या दिवशी मी काय केलं? कॅबिनेटचे स्क्रू ठेवायला कागद हवा होता. मी वहीचं मधलं पान फाडलं, टेबलावर पसरलं आणि त्यावर स्क्रू ठेवले. तिच्यासमोर. काम संपल्यावर तिने ते पान उचललं, घडी घातली आणि वहीत ठेवलं.

तिसऱ्या शुक्रवारी शेठचा धीर सुटला होता. "सायब, आज निकाल लावा. डब्यात खोट हाय का बाईत?"

आता प्रामाणिक माणसाने म्हणायला हवं होतं की मला कळलेलं नाही. तीन साधे शब्द. पण ते मला कोर्समध्ये शिकवले नव्हते आणि टाय लावून ते म्हणता येत नाहीत. मी टेबलाखाली वाकून बघितलं. तिथे ज्या बोर्डावर सगळ्या पिना लावलेल्या होत्या त्याचं बटण जमिनीपासून वीतभर वर होतं. मला मुद्दा सापडला. बाई खुर्चीत बसल्या की पाय हलवतात, पाय बटणाला लागतो, कॉम्प्युटर बंद. मी समोर असताना त्या सावरून बसतात, म्हणून शुक्रवारी होत नाही. किती सुंदर बसलं सगळं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं म्हणतात. माझा बैल तर मी गोठ्यातून सोडलाच नव्हता.

"माजा पाय तितवर पोचत न्हाय," ती म्हणाली. आणि खुर्चीत बसून तिने पाय लांब करून दाखवला. खरंच पोचत नव्हता. चांगलं हातभर अंतर राहत होतं.

शेठने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "लक्षात येत नाही आपल्या. सवयीने होतं." आणि सर्व्हिसच्या स्लिपवर लिहिलं, 'मशीन ओके. ऑपरेटरची चूक.' खाली सही केली, दुकानाचा शिक्का मारला. ते शिक्का मारणं मला अजून हाताला आठवतं. आम्ही पैसे वाचवायला शाई कमी वापरायचो, त्यामुळे दोनदा दाबावा लागायचा.

बोंबील नेहमीसारखे चांगले होते. मी दोन जास्त घेतले.

दुसऱ्या दिवसापासून ती कांडीवर गेली आणि खुर्चीत शेठचा पुतण्या बसला. तो बी. कॉम. झालेला होता, म्हणजे आता चूक व्हायचं कारणच नव्हतं. चोर सोडून संन्याशाला सुळी देऊन झाली होती आणि सगळे निश्चिंत होते. पुतण्या बसल्यावर पहिल्याच दिवशी कॉम्प्युटर चारदा बंद पडला. दुसऱ्या दिवशी पाच वेळा. बी. कॉम.चे पाय फार लांब असावेत. आठवडाभर त्याने कोणाला सांगितलं नाही, कारण ऑपरेटरची चूक हा निकाल लागलेला त्याने वाचला होता, आणि स्लिप शेठने काचेखाली लावून ठेवली होती. शेवटी शेठच्या समोरच बंद पडला. शेठने आमच्या मालकाला फोनवर अशा शिव्या दिल्या की मालकाने फोन ठेवल्या ठेवल्या मला सांगितलं, आत्ताच्या आत्ता भिवंडीला जा, शुक्रवार-बिक्रवार मला सांगू नकोस.

तो मंगळवार होता.

शेडमध्ये शिरलो तेव्हा लूम चालू होत्या. आवाज कानातून नाही, पायातून वर चढायचा. हवेत रुई अशी तरंगत होती की ट्यूबलाइटच्या खाली धुकं वाटावं. काचेच्या केबिनचं दार नीट लागत नव्हतं आणि आत टेबलावर, कीबोर्डवर, लिंबू-मिरचीवर पांढरी साय धरली होती. पुतण्या हात बांधून बसला होता.

आणि कॅबिनेटवर झूल होती. करडं कापड, कडेला झालर, वरून खालपर्यंत चारी बाजूंनी घट्ट. पुढच्या बाजूला एक चौकोनी भोक, फक्त फ्लॉपी घालण्यापुरतं. मी तीन शुक्रवार ज्याला हात पुसले ते हे.

शेठने कौतुकाने समजावलं, कानाशी तोंड आणून ओरडत. डब्यात रुई जाऊ नये म्हणून त्याने स्वतः शिवून घेतलं होतं. लूम चालू असेपर्यंत काढायचं नाही असा त्याचा सक्त हुकूम होता, आणि कॉम्प्युटर चालू असतानाही तो पाळला जायचा. शुक्रवारी रुई नसते, म्हणून शुक्रवारी ते काढून धुवायला टाकायचं. साहेब येणार, त्यांना मळकं कशाला दाखवा.

मी झूल काढली. पत्रा हाताला सोसत नव्हता. आणि माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या हाताखाली, पडदा काळा झाला.

या वेळी मी स्टिकर फाडलं. पॉवर सप्लायची पेटी उघडली. आतल्या पंख्याभोवती रुईचा एक अख्खा पुंजका घट्ट बसला होता, दाबून केलेल्या उशीसारखा. पंखा फिरतच नव्हता. झालर लावलेल्या त्या झुलीने मोठी रुई अडवली होती, बारीक आत जाऊ दिली होती आणि वाऱ्याची वाट तेवढी बंद केली होती. चिमट्याने मी तो पुंजका ओढून काढला. कोंबडीच्या अंड्याएवढा होता. पंखा बोटाने फिरवला, तो मोकळा झाला. झूल न घालता कॉम्प्युटर सुरू केला आणि टेबलापाशी उभा राहिलो. एक तास. दीड तास. बंद पडला नाही. गरमही झाला नाही.

मंगळवारी या, लूम चालू असताना या, मागून गरम लागतो. यातलं एक अक्षर मी शोधलेलं नव्हतं. सगळं त्या वहीत होतं आणि त्या वहीवर मी स्क्रू ठेवले होते.

मान वर केली तेव्हा काचेपलीकडे कांडीच्या मशिनांची रांग दिसली. ती तिसऱ्या मशीनवर उभी होती. केसांना, भुवयांना रुई लागलेली. हात सवयीने चालले होते, रिकामी कांडी लाव, भरलेली काढ, आणि नजर माझ्या हातातल्या चिमट्यावर. तिने तो पुंजका बघितला होता.

शेठ आत आला. "काय निगालं?" तो ओरडला.

मी पुंजका मुठीत धरला आणि म्हणालो, "पॉवर सप्लायमध्ये फॉल्ट होता. काढला मी. आता हे कापड घालू नका, दुरुस्त केलेल्या सप्लायला हवा लागते."

म्हणजे बिघाड शोधल्याचं श्रेय माझं, उपायाचं श्रेय माझं, आणि शेठच्या झुलीचाही मान राहिला. असं बोलायला मला अर्धा क्षणही लागला नाही. खोटं बोलण्यात मी दुरुस्तीपेक्षा खूप हुशार होतो.

शेठ अडाणी होता, डब्याला कुंकू लावणारा होता, पण तो थांबला. त्याने काचेखालच्या स्लिपकडे बघितलं, मग काचेपलीकडे बघितलं. आणि या सगळ्या प्रकरणात कोणी विचारला नव्हता असा सरळ प्रश्न त्याने मला विचारला.

"मंग त्या बायची चूक नव्हती?"

नव्हती, एवढं म्हणायचं होतं. एक शब्द. शेठने तिला तिथल्या तिथे खुर्चीवर बोलावलं असतं, याची मला आजही खात्री आहे. पुतण्या तर आनंदाने उठला असता. पण स्लिपवर सही माझी होती. शिक्का मी दोनदा दाबला होता.

"दोन्ही होतं," मी म्हणालो. "मशीनमध्ये पण होतं आणि त्यांची पण सवय होतीच."

शेठने मान हलवली. साहेब काय सांगतील ते खरं.

मी पुन्हा काचेकडे बघितलं, नको असताना बघितलं. तिचे हात थांबले होते. लूमच्या खडखडीत तिला माझा आवाज पोचणं शक्य नव्हतं, आणि तिला त्याची गरजही नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, नेहमी बघायची तशी. दोन्ही होतं. सगळं तिने वाचलं होतं, शब्द न शब्द.

मग तिने माझ्याकडे बघून ओठ हलवले. फार नाही, तीन-चार शब्द असतील. शेजारच्या कांडीवरच्या बाईने ते बघितले, माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

ती काय म्हणाली ते मला कळलं नाही. मला ओठ वाचता येत नव्हते. ती पुन्हा वळली, रिकामी कांडी लावली, आणि मी निघेपर्यंत तिने वर बघितलं नाही.